फोडलेलं माप

४ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड,

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघं दुसऱ्याच वाक्याला ओरडायला लागतो आणि मग आई आतल्या खोलीतून विचारते, "कोण गेलं?" म्हणून लिहितेय. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

सरळ विचारते. आमचे पत्ते तू दिलेस का?

काल कारखान्यात एक पाकीट आलं. वर तुझ्या कंपनीचं चिन्ह. आत दोन पानं. आमच्या तिन्ही कॉम्प्युटरवर तुमचं कपड्यांचे पॅटर्न काढायचं सॉफ्टवेअर विनापरवाना चालतंय, महिन्याभरात परवाने घ्या, नाहीतर पुढची कारवाई. भाषा इतकी मऊ, की वाचून झाल्यावर लक्षात येतं, अरे, आपल्याला दम दिलाय.

आपल्या गल्लीत कपडे शिवणारे जितके कारखाने, तितकी पाकिटं आलीत. कोपऱ्यावरचे गणवेशवाले पाकीट हातात धरून थेट माझ्याकडे. खुर्चीवर बसलेही नाहीत.

"तुमचा भाऊ तिथंच असतो ना हो?"

"हो."

"मग आम्ही काय समजायचं?"

मी म्हटलं, समजायचं ते समजा, मला मोठ्या प्रिंटरचा कागद बदलायचाय. ते गेले, पण संध्याकाळपर्यंत गल्लीत 'घरभेदी' हा शब्द दोनदा कानावर आला. एकदा तर आमच्याच कापणाऱ्या बाईच्या तोंडून. मला बघून ती खोकली.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तू तिला दुपारी फोन करतोस, मी घरी नसताना, ते मला माहीत आहे. तेव्हा तूही सांगू नकोस.

तिचा डावा खांदा आता आणखी खाली गेलाय. नवा सदरा शिवला तो हातानंच बेतला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाला दोन खांदे असतात, पण माप एकच.

उत्तर दे. हो किंवा नाही, एका शब्दात दिलंस तरी चालेल.

ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड,

एक शब्द मागितला होता, तू चार पानं पाठवलीस. तीही टाइप करून. सही तेवढी हाताची, ती बघून बरं वाटलं.

पत्ते तू दिले नाहीस. सॉफ्टवेअर नेटला जोडलं, की ते कुठं आणि कसं चालतंय हे स्वतःच कंपनीला कळवतं. तुझा विभाग वेगळा, तू दिवसभर बाह्यांचं गणित करतोस. ठीक. मानते. गणवेशवाल्यांनाही सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण चहा पिऊन गेले. म्हणजे बोलणं सुरू झालं.

पण पुढे तू लिहिलंस, "चोरी ती चोरी, ताई." त्यावर मी दोन दिवस चिडून होते. आता लिहिते.

परवा मालक संघाच्या हॉलमध्ये सभा झाली. तुमच्या कंपनीचा एक प्रतिनिधी आला होता. कोवळा पोरगा, बूट नवे, घामानं भिजलेला. पंखा त्याच्या डोक्यावरचाच बंद होता. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली: सॉफ्टवेअर करायला किती माणसं लागतात, किती वर्षं लागतात. ते कुणाला खोटं वाटत नव्हतं.

मग त्यानं परवान्याचं वर्षाचं भाडं सांगितलं. एका मशीनचं भाडं म्हणजे माझ्याकडच्या दोन बायकांचा वर्षाचा पगार.

मागच्या रांगेतून मोजे विणणाऱ्या बाई उठल्या. "तुमच्या देशात पण एवढंच भाडं?"

"हो, सगळीकडे सारखंच. कुणावर अन्याय नाही."

"मग आमच्या शिलाईला तुमच्या देशातला भाव द्याल का? तोही सगळीकडे सारखा करू."

हॉल हसला. पोरगाही हसला, बिचारा. म्हणाला, "भाव मी ठरवत नाही." तेवढ्यात गणवेशवाले म्हणाले, "अहो, पंधरा वर्षं तुम्हाला दिसत नव्हतं का? सगळा बाजार याच्यावर शिकू दिलात. पोरी शिवणवर्गातून हेच शिकून बाहेर पडतात. आता दुसरं काही येत नाही म्हटल्यावर जाळं ओढायला आलात."

त्यानं पडद्यावरचं चित्र बंद केलं. तुझ्याकडे याचं उत्तर आहे? मला खरंच हवंय. कारण हसून घरी आल्यावर मला काही हलकं वाटलं नाही. मोजेवाल्या बाईंचं बरोबर होतं, गणवेशवाल्यांचं बरोबर होतं, आणि पडद्यावरची ती माणसंही खरीच होती. त्यांत कुठंतरी तू बसलेला असशील, पाठीत पोक काढून.

पत्रात तू त्या जुन्या दिवसाचं काढलंस. तुझं 'माप', तू स्वतः केलेलं सॉफ्टवेअर, दाखवायला तू अख्ख्या बाजाराला माझ्या कारखान्यात बोलावलंस, आणि माझ्याच कॉम्प्युटरवर हे बड्या कंपनीचं फोडलेलं सॉफ्टवेअर उघडं होतं. संघाचे अध्यक्ष म्हणाले, "सख्खी बहीण वापरत नाही, मग आम्ही का घ्यायचं?" तू तुझी पिशवी उचललीस आणि गेलास. महिन्याभरात देश सोडलास.

यात माझं चुकलं असं तुला माझ्या तोंडून ऐकायचंय. ते मी म्हणणार नाही. ऑर्डर देणारे सगळे त्याच सॉफ्टवेअरच्या फायली पाठवायचे. त्या 'माप'मध्ये उघडायच्या नाहीत. हे मी तुला तीनदा सांगितलं होतं, तू तीनदा म्हणालास, "करतो." सात बायका हात बांधून बसल्या होत्या. मी काय करायला हवं होतं?

फक्त एवढं मला आता दिसतं, आणि हे मी तुला हरवायला लिहीत नाहीये. तुझं 'माप' स्वस्त होतं. आपल्या भाषेत होतं. डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा विचारायचं, आईमुळे. कुणी घेतलं नाही, कारण ते महागडं फुकट मिळत होतं. महागाशी तू सहज टक्कर दिली असतीस. फुकटाशी कोण देणार? लोक म्हणतात आम्ही त्या बड्या कंपनीला लुटलं. तिचं काय वाकडं झालं? मेलं ते तुझं दुकान. आणि मग त्याच कंपनीनं तुला नोकरी दिली.

हे मी सभेत बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते तू सांग.

ताई

६ मार्च

प्रिय खुडबुड,

हे पत्र बसून वाच.

मुदत संपली म्हणून मी चावीवाल्याकडे गेले. खोटं कशाला बोलू, नवी चावी मिळते का ते बघायला गेले. चावीवाला तुला आठवत असेल. जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि ज्याला कुलूप असेल ते सॉफ्टवेअर फोडून देतो. आता केस पांढरे झालेत, चष्म्याची एक काडी सोल्डरिंगनं जोडलेली. आपल्या गल्लीतलं एकही मशीन त्याचा हात लागल्याशिवाय चाललेलं नाही. पैसे घेतो ते दुरुस्तीचे. फोडलेलं सॉफ्टवेअर फुकट. विचारलं, तर म्हणतो, "ज्ञान वाटल्यानं वाढतं." मी एकदा म्हटलं होतं, ज्याचं ज्ञान आहे त्यानं वाटलं तर. त्यावर तो पंखा साफ करायला लागला होता.

या वेळी त्यानं नाही म्हणून मान हलवली. "ताई, हे कुलूप आता इथं नाही. ते तिकडं, कंपनीच्या घरात आहे. नेट तोडून चालवा, जमेल तितके दिवस." मग बोलता बोलता म्हणाला, "पण तुमच्या कामाला 'माप' पुरेल की. थांबा, देतो."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कुठलं माप?"

"तेच, खांदे वेगवेगळे घेतं ते. मागं तुमच्या भावाचं होतं ना? मी केव्हाच फोडलं ते. नव्या मशीनवर चालेल असंही करून ठेवलंय."

खुडबुड, त्यानं ते उघडलं. तोच करडा पडदा. तोच तुझा वेडावाकडा माणूस, एक हात लांब, एक आखूड, ज्याला आई म्हणायची, "मेल्याला जेवायला घाला कुणीतरी." फक्त खाली जिथं तुझं नाव आणि फोन नंबर असायचा, तिथं काही नव्हतं.

मी विचारलं, "कुणाकुणाला दिलंस?"

तो बोटांवर मोजायला लागला. शहराबाहेरचं कृत्रिम हातपायांचं केंद्र. नाटकांचे कपडे शिवणारे एक गृहस्थ. लहान गावांतले शिवणवर्ग, त्यांनी पुढं आणखी कुणाकुणाला. "ज्यांना ते मोठं सॉफ्टवेअर जमत नाही, इंग्रजी येत नाही, मशीन जुनं आहे, त्यांना मी हेच देतो. छान आहे हो. तुमच्या भावाचं डोकं चालायचं."

"आणि नाव का काढलंस?"

तो बराच वेळ स्क्रू शोधत राहिला. मग म्हणाला, "नाव ठेवलं असतं तर लोकांनी त्याला फोन केला असता. तो विचारणार, कुठून मिळालं. मग?"

मी तिथून उठले. रस्ता ओलांडला आणि कळलं, की छत्री त्याच्याकडेच राहिली. परत गेले नाही.

तुझ्या ऑफिसात, त्या दोन टेबलांच्या खोलीत, तू फोनकडे बघत बसायचास. वाजला की तुझ्याआधी मीच दचकायचे. तो वाजत नव्हता, कारण तुझं काम कुणाला नको होतं, असं आपण धरून चाललो. तू तर अजून तसंच धरून चालला आहेस. चार पानांत तू तीनदा लिहिलंस, "ज्याची कुणाला गरज नव्हती ते."

गरज होती. लोकांनी ते चोरलं, इतकी होती.

याचा आनंद मानायचा की चावीवाल्याचं जिन्याखालचं दुकान उधळून लावायचं, ते मला कळत नाही. तुला कळलं तर लिही.

ताई

२२ मार्च

प्रिय खुडबुड,

तुझी एक ओळ मिळाली. "स्वतः बघून ये, मग बोलू." या वेळी हातानं लिहिलेली. बघून आले.

हातपायांचं केंद्र बस जिथं वळून परत फिरते तिथं आहे. लांबट कौलारू इमारत, बाहेर सिमेंटचा उतार, त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, हात लावून लावून गुळगुळीत झालेला. आत भिंतीला प्लास्टरचे पाय टांगलेले, लहान मोठे. शेवटच्या खोलीत शिवणकाम. तिथं एकच बाई. साठीच्या, जाड काचा, तोंडात टाचण्या. त्यांना सगळे 'शिलाईबाई' म्हणतात.

मी सांगितलं, 'माप' बघायला आलेय. त्यांना वाटलं, मी शिवणवर्ग काढतेय. टाचण्या काढून त्या सुरू झाल्या.

"ज्यानं हे केलं ना, तो हुशार आहे, पण आळशी."

"का हो?"

"हे बघा. एक हात दुसऱ्याच्या निम्म्याहून आखूड असला, की हे बाहीचा कफ आतल्या बाजूला काढतं. दर वेळी. मी तो हातानं उलटा करून घेते. आठ वर्षं उलटा करतेय. एकदा उठून नीट करायला काय झालं होतं त्याला?"

"सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? नाव ना गाव. उघडलं की नुसता तो वेडावाकडा माणूस उभा राहतो, त्याला शिव्या देते आणि कामाला लागते."

मी म्हटलं, "माझा भाऊ आहे तो. ज्यानं केलं तो."

मला वाटलं होतं, त्या ओशाळतील किंवा आभार मानतील. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. लिहून घ्या. पहिलं, कफ. दुसरं, खांदा फार उतरता असला, की कॉलर एका बाजूला उचलली जाते..."

मी लिहून घेतलं. वेगळ्या कागदावर सोबत पाठवलंय. त्यातलं अर्धं मला कळलं नाही, तुला कळेल.

आम्ही बोलत होतो तेव्हा एक माणूस सदरा घालून बघायला आला. पूर्वी हमाली करायचा. उजवा हात कोपराच्या वर गेलेला. शिलाईबाईंनी सदरा चढवला, बटणं त्याची त्याला लावू दिली. बाही बरोबर तिथं संपत होती जिथं हात संपत होता. लोंबत नव्हती, टाचणी नव्हती. तो आरशासमोर आडवा उभा राहिला. मी फार बघतेय असं वाटून नजर वळवली, तर तोच म्हणाला, "आधी रिकामी बाही पिन करून घ्यायचो. लोक माझ्याशी बोलताना बाहीशीच बोलायचे."

बसमध्ये मला तुझा राग आला. मग चावीवाल्याचा. मग स्वतःचा, मग पुन्हा चावीवाल्याचा. त्यानं चोरलं नसतं, तर त्या खोलीत 'माप' पोचलंच नसतं. केंद्राकडे पैसे नव्हते आणि तुला ते केंद्र माहीत नव्हतं. हे खरं आहे. पण बड्या कंपनीचं त्यानं पहिल्यांदा फुकट वाटलं नसतं, तर तू इथंच असतास, आणि तो कफ सात वर्षांपूर्वीच नीट झाला असता. हेही खरं आहे. दोन्ही खरी एका तराजूत घातली, की काटा थरथरतच राहतो.

पैसे बुडाले ते बुडाले. ते आपण गिळले. पण आठ वर्षं एक बाई तुझ्याशी भांडायला बसली होती, आणि त्यानं तिचं भांडण तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही, हे मला जास्त लागलं.

येताना जिन्याखाली थांबले. चावीवाल्याला सगळं सांगितलं, कफसकट. मी म्हटलं, "आता भावानं नवं केलं तर फोडू नकोस."

त्यानं छत्री पुढं केली. म्हणाला, "वचन देत नाही, ताई. ज्याला खरंच परवडत नाही तो माझ्याच दारात येतो, तुमच्या नाही. पण नाव काढणार नाही. नंबरही नाही. एवढं करतो."

मला ते पुरेसं वाटलं नाही. तुला वाटतंय का बघ.

ताई

१४ एप्रिल

प्रिय खुडबुड,

काल तुझा फोन संध्याकाळी आला, मी घरी असताना, आणि आपण ओरडलो नाही. आईला संशय आला. "काय झालंय दोघांना?" असं तिनं मला तीनदा विचारलं. शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या खांद्यावरून एवढी माणसं कपडे घालतायत?" आणि आरशापुढे जाऊन खांदा बघून आली.

फोनवर राहिलेलं लिहिते. या वेळी पानांचे फोटो काढून लगेच पाठवतेय, का ते शेवटी कळेल.

मी एका मशीनचा परवाना घेतला, ऑर्डरवाल्यांच्या फायलींसाठी. बाकी दोन मशीनवरून ते काढलं, तिथं 'माप' चालतं. पैशाची ओढाताण आहेच. दोन बायकांना काही दिवस अर्ध्या वेळावर आणावं लागलं. त्यांतली एक माझ्याशी धड बोलत नाही. तिला मी काय सांगू, की हे नीतीसाठी आहे? तिच्या घरात नीती चुलीवर ठेवता येत नाही. नवं काम मिळालं, की आधी तिला पूर्ण वेळ. तिनं विचारलं, "आता हे सॉफ्टवेअर आपलं झालं का?" मी म्हटलं, नाही, भाड्याचं. ती म्हणाली, "फुकट होतं तेव्हा आपलं वाटायचं. पैसे भरले आणि परकं झालं." हे तुझ्या साहेबांना सांग, त्यांनी पडद्यावर दाखवावं.

गणवेशवाले नेट तोडून जुनंच चालवतायत. कोर्टात अजून कुणाला ओढलेलं नाही. मोजेवाल्या बाई तुमच्या कंपनीला दर महिन्याला पत्र लिहितात, त्यांच्या देशातला शिलाईचा भाव विचारतात. उत्तर येत नाही.

तुमच्या कंपनीच्या वकिलानं 'माप' तुझं एकट्याचं आहे, सुट्टीच्या दिवशी काय हवं ते कर असं लिहून दिलं, ते चांगलं झालं. कफ नीट झालेलं, खाली पुन्हा तुझं नाव आणि नंबर असलेलं नवं 'माप' मी शिलाईबाईंना नेऊन दिलं. त्यांनी त्याच हमालाचं माप घालून बघितलं. कफ बाहेर आला. त्यांनी चष्मा पुसला, आणि तोच कफ पुन्हा एकदा काढून बघितला.

मग मी तुझा निरोप सांगितला, जसा तू सांगितलास तसाच: राग उरलेला नाही, आता सगळ्यांना फुकट, ज्याला हवं त्यानं घ्यावं.

त्या म्हणाल्या, "नको."

"म्हणजे?"

"फुकट नको. केंद्राला परवडतील तेवढेच पैसे लावायला सांगा, पण लावायला सांगा."

मी म्हटलं, अहो, तो मनापासून देतोय.

"देत असेल. पण फुकट घेतलं, की मग मला त्याला बोलता येत नाही. आठ वर्षं तोंड बंद ठेवलं मी. आता पैसे देणार, आणि बोलणार." त्यांनी पेटीतून केंद्राच्या साहेबांची सही घेतलेली चिठ्ठी काढली. आधीच मंजूर करून ठेवले होते. रक्कम इतकी लहान आहे, की तू हसशील. हसलास तरी घे.

मी निघाले तर त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्याला सांगा, पैसे सोमवारी पोचतील. आणि कॉलरचं अजून तसंच आहे. त्याबद्दल मी आज रात्रीच फोन करणार आहे."

तेव्हा जागा राहा.

ताई